भाऊ गेला, प्रार्थना करा

रविवार, ७ सप्टेंबर

झालं! आता निष्ठासुद्धा चौकोनात भरायची. पाळकसाहेबांनी आज उपासनेनंतर प्रत्येक कुटुंबाला एकेक तक्ता वाटला — ‘निष्ठेचे सात आठवडे’. डावीकडे वार, वर रकाने: पहाटेची प्रार्थना, शास्त्रवाचन, संगती (म्हणजे आपल्या माणसांत मिसळणं), जिभेवर ताबा, क्षमा. पाळलं की बरोबरची खूण करायची. नाही पाळलं तर चौकोन मोकळा ठेवायचा, आणि मोकळा चौकोन म्हणे प्रभू पाहतोच. प्रभूबरोबर हालेलुयाबाईही पाहतात. त्या आमच्या गटाच्या प्रमुख. दर शनिवारी घरोघर फिरून तक्ते तपासणार आहेत. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण पूर्णविरामाच्या जागी त्या हालेलुया घालतात, तेव्हा हेच बरं.

तक्ता फ्रिजवर लावला. पट्टी धरून, सरळ. चष्म्याच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलं की वाकडं काही बघवत नाही.

धाकटा भाऊ पाणी प्यायला आला. तक्त्यावर नजर टाकून म्हणाला, “ताई, यात दाढीचा रकाना नाही.” आणि बाबांची दाढी करायला निघून गेला.

बुधवार, १० सप्टेंबर

पहाटे उठून प्रार्थना केली. म्हणजे गुडघे टेकले, डोळे मिटले आणि कोणत्या गिऱ्हाइकाची काच अजून आली नाही ते आठवत बसले. शेवटी आमेन म्हटलं. खूण केली. तक्त्यात ‘प्रार्थना’ लिहिलंय, ‘लक्ष देऊन’ असं कुठे लिहिलंय?

घरात माणसं तीन. बाबा ऐंशी पार केलेले. आयुष्यभर न्हाव्याचं दुकान चालवलं. लोकांच्या कानाशी कात्री चालवत सगळं ऐकलं, बोलले काहीच नाहीत. दोन वर्षांपूर्वी पडले, तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत. ऐकू कमी येतं म्हणतात. बिस्किटांचा पुडा मात्र दोन खोल्या पलीकडे फोडला तरी ऐकू येतो.

दुसरा माणूस धाकटा. रंगारी. ‘चार दिवस राहतो’ म्हणून आला त्याला दीड वर्ष झालं. त्याची शिडी पॅसेजमध्ये, बादल्या बाल्कनीत, ब्रश माझ्या मोरीत. बाबांना उचलणं, आंघोळ, दाढी, रात्री पाय चोळणं — सगळं त्याच्याकडे. स्वयंपाक, औषधं आणि कुटुंबाची आत्मिक उन्नती माझ्याकडे.

उपासनेला तो येत नाही. का, तर रविवारी बाबांची दाढी असते. अरे, दाढी रोजच असते! तर म्हणतो, “मग रविवारी सुट्टी कशी घेऊ?”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पाळकसाहेब दुकानात आले. चष्मा नाकावरून घसरतो म्हणाले. नाकाजवळच्या दोन्ही गाद्या झिजलेल्या. मी नव्या बसवत होते, तेवढ्यात त्यांनी आठवड्याचा धडा माझ्यावर करून पाहिला. घर म्हणजे पहिली मंडळी. एकट्याने निष्ठावान राहणं सोपं, अख्खं घर एका बाकावर बसवणं हे खरं. “तुमच्याकडून आम्हाला फार आशा आहे. भावालाही आणा. वडिलांनाही.”

मी स्क्रू आवळला. जरा जास्तच आवळला गेला, पुन्हा ढिला करावा लागला.

मालक नंतर हसून म्हणाले, “तुमच्यात ते कुसळ आणि मुसळ आहे ना? आपल्या धंद्याला लागू आहे की!” लागू काय, अगदी चपखल. दिवसभर मी दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघते. कुसळ शोधायचा मला पगार मिळतो. मुसळाचं खातं दुसरीकडे असेल.

पण एका बाकावर अख्खं घर — हे मनात बसलं. रविवारसाठी गाडी सांगून ठेवली. बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री केला.

रविवार, १४ सप्टेंबर

जिभेवर ताबा — मोकळा चौकोन. (हे फक्त इथे. फ्रिजवर खूण आहे.)

सकाळी गाडी खाली येऊन उभी. शर्ट खुर्चीवर. आणि बाबा साबणाच्या फेसात! धाकटा शांतपणे वस्तरा चालवतोय. मी म्हटलं, आटप. तो म्हणाला, आज नको नेऊस, रात्रभर पाय दुखत होते, आत्ता कुठे जरा बरं वाटतंय. मी म्हटलं, प्रभूच्या घरी जायचं तर थोडं सोसावं लागतं. तो म्हणाला, सोसणार ते आणि खूण तू करणार.

मग आवाज चढले. बाबा मधे फेसाचं तोंड घेऊन बसलेले, कधी याच्याकडे कधी माझ्याकडे बघत. धाकटा म्हणाला, “बाबांना नेतेयस की तक्त्याला?”

तेव्हा मी बोलले. “तू बाबांसाठी नाही राहत इथे. छपरासाठी राहतोस.”

त्याने वस्तरा पुन्हा गालाला लावला. उरलेली अर्धी दाढी केली. गाल पुसले, वस्तरा धुऊन मिटला. अर्धी दाढी टाकून गेला नाही, तेवढं मानलं पाहिजे. मग पिशवी भरली, शिडी खांद्यावर घेतली आणि गेला. बाबांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी तोवर जिना उतरत होते — गाडी थांबली होती ना!

बाकावर एकटीच बसले. संदेशाचा विषय: शांतीचं घर.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज काय झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिल्याशिवाय झोपही यायची नाही.

सोमवारी मंडळीच्या फोनवरच्या प्रार्थना-ग्रुपवर प्रत्येकाने आपली एक खरी गरज सांगायची, असा नियम. खरी म्हणजे मनातली. पाऊसपाण्याची आणि जगातल्या शांतीची नव्हे. दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मधे मी लिहिलं. घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला, म्हणून भांडणाबिंडणाचं काही नाही. मोजकं, शोभेलसं. माझ्या सुसंस्कृत लेखणीचा नमुना असा:

‘भाऊ गेला. घर एकदम रिकामं झालं. बाबांसाठी प्रार्थना करा.’

आणि फोन खणात टाकून एका आजोबांच्या डोळ्यांची, बाहुलीपासून बाहुलीपर्यंतची मापं घ्यायला बसले.

संध्याकाळी घरी आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आतून गाणं. शोकाचं! बैठकीच्या खोलीत अख्खी मंडळी. पाळकसाहेब काळ्या कोटात. हालेलुयाबाई बाबांचा हात हातात घेऊन. भिंतीला टेकवून फुलांचं गोल चक्र. कुणीतरी माझ्या स्वयंपाकघरात चहा करत होतं आणि साखर कुठे आहे ते त्यांना माझ्याआधी सापडलं होतं.

मला बघताच गाणं थांबलं. हालेलुयाबाईंनी मला मिठी मारली, ती सुटेना. मंडळीच्या कारभारातले एक वडीलधारे आहेत, मी त्यांना घड्याळवाले म्हणते, कारण संदेश लांबला की ते मनगट वर करून बघतात. ते हळू आवाजात म्हणाले, “कधी गेला?”

मी म्हटलं, काल सकाळी साडेआठला. खरंच तर सांगितलं!

“कसा?”

“कसा म्हणजे? शिडी घेऊन.”

“अरेरे. शिडीवरून...”

“वरून नाही हो, घेऊन!”

तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना. दुःखाने बाईचं बोलणं भरकटतंय, अशा नजरेने सगळे बघायला लागले. एकीने मला पाणी दिलं. शेवटी मला अख्ख्या शोकसभेला ओरडून सांगावं लागलं की तो मेलेला नाही, रुसून गेलाय. 

हात दाखवून अवलक्षण! लोक ध चा मा करतात. मी तर ‘ग’ तस्साच ठेवून माणूस मारला. आत्ता तो निरोप पुन्हा वाचला. दुसऱ्या कुणाचा असता तर चक्र घेऊन सगळ्यांत आधी मीच पोचले असते.

पाळकसाहेबांनी चष्मा नाकावर सरकवला (माझ्या नव्या गाद्या असूनही) आणि आभाराची प्रार्थना केली. तो जिवंत आहे म्हणून. अर्ध्या तासात पुरून उठवला त्याला. सगळे गेले. चक्र राहिलं. फुलवाला परत घेत नाही म्हणे.

आणि मग खरी गंमत. बाबा इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. मी त्यांना पुन्हा समजावून सांगितलं — चूक झाली, निरोपाचा अर्थ उलटा लागला, तो धडधाकट आहे. बाबा म्हणाले, “मोठे, माझ्यापासून लपवू नकोस. सोसायचं वय आहे माझं.”

मंगळवार, १६ सप्टेंबर

बाबांना पटत नाही! कालपासून पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं म्हणणं साधं: एवढी माणसं चूक कशी करतील? पाळकसाहेब काळा कोट घालून उगाच येतील का?

धाकट्याला फोन केले. माझ्या फोनवरून, दुकानातून, शेजारणीच्या फोनवरून. उचलत नाही. बाबांना म्हटलं, तुमच्या फोनवरून करूया, तुमचा तो उचलेल. तर फोन मांडीखाली घालून बसले. “मेलेल्या माणसाला फोन कोण करतं?”

त्याच्या कंत्राटदाराला गाठलं. तो म्हणाला, आहे की, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या एका शाळेचे वऱ्हांडे रंगवतोय, तिथेच झोपतो. मी फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांनी ऐकून घेतलं आणि परत दिला. म्हणाले, कंत्राटदारावर कधी कुणी विश्वास ठेवलाय?

हे मात्र बरोबर आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

बाबा रडले. जेवताना, माझ्यासमोर, आवाज न करता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पाळकसाहेबांना बोलावलं. बाबा त्यांचा शब्द कधी खाली पडू देत नाहीत. पाळकसाहेब खुर्ची ओढून बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले की तुमचा मुलगा जिवंत आहे, मी ग्वाही देतो.

बाबांनी हात जोडले. “पाळकसाहेब, सोमवारी तुम्हीच या खोलीत म्हणालात, तो प्रभूच्या चरणी विसावला. दोन्ही तुम्हीच सांगितलं. कोणतं खरं मानू?”

पाळकसाहेबांचा चष्मा घसरला. आजवर त्यांना खोडून काढलेलं मी पाहिलं नव्हतं. अडखळत ते थोमाची, येशू पुन्हा उठला हे न पटलेल्या शिष्याची, गोष्ट सांगायला लागले — न पाहता विश्वास ठेवणारे धन्य. बाबा म्हणाले, थोमाला तरी हात लावून बघायला मिळालं. मलाही बघू द्या, मग मी धन्य होतो.

जिन्यात पाळकसाहेब मला म्हणाले, “भावाला घेऊनच या. दुसरा इलाज नाही.”

घेऊन या! मी? तोंड वर करून गेला तो. पाय त्याचे बाहेर पडलेत, त्याच पायांनी यावं. मी काही त्याला हाकललं नाही. एक वाक्य बोलले. भांडणात माणूस एक वाक्य बोलतो.

शनिवार, २० सप्टेंबर

हालेलुयाबाई तक्ता तपासून गेल्या. माझा एकही चौकोन मोकळा नाही! क्षमेच्या रकान्यात सलग सहा खुणा. त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या परीक्षेतसुद्धा! अठ्ठावीसला मी मंडळीसमोर साक्ष द्यायची, असं त्या पाळकसाहेबांशी बोलून ठरवूनच आल्या होत्या. विषय: ‘रोजच्या जीवनात निष्ठा कशी टिकवावी’.

त्याला क्षमा केलीय हे खोटं नाही. रोज पहाटे करते. गुडघ्यावर बसून त्याची मोठ्या मनाने क्षमा करते आणि उठते. दोन मिनिटांचं काम आहे.

जाताना त्यांनी फुलांचं चक्र वाळलं म्हणून हळहळ व्यक्त केली.

मंगळवार, २३ सप्टेंबर

बाबांची दाढी वाढलीय. पांढरी, खरखरीत. न्हाव्याच्या तोंडावर! आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नाही. आई गेली त्या दिवशीही सकाळी दाढी करूनच दवाखान्यात गेले होते.

आज मी साबण घेऊन बसले. म्हटलं, हात स्थिर आहे माझा, केसाएवढे स्क्रू बसवते, गाल काय चीज आहे! ब्रश गालाला लावणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला कंप आहे, त्यामुळे माझाही हात हलायला लागला.

“दाढी तो करायचा,” म्हणाले. एवढंच.

फेस वाटीत तसाच बसून गेला.

जेवण चतकोरावर आलंय. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. आजार काही नाही म्हणाले. पण या वयात माणसाने खायचं सोडलं की आजाराची गरज लागत नाही, असंही म्हणाले. औषध? ते म्हणाले, “मुलाला बोलवा की.” जगातल्या सगळ्यांना एकच औषध माहीत!

मला भीती वाटायला लागलीय. हे लिहून ठेवते, कारण सांगणार कुणाला?

गुरुवार, २५ सप्टेंबर

दुकानातून येताना वाट वाकडी करून त्या शाळेपर्यंत गेले. फाटकातून त्याची शिडी दिसली. परत आले.

पहाटेची प्रार्थना: खूण. शास्त्रवाचन: खूण. संगती: फाटकाशी उभं राहणं धरायचं का? खूण.

शनिवार, २७ सप्टेंबर

उद्याची साक्ष लिहून काढली. छान जमलीय. चार मुद्दे, प्रत्येकाला एक वचन. आरशासमोर वाचून पाहिली. तिसऱ्या मुद्द्यावर (‘घरच्यांशी सौम्य राहा’) आरशातली बाई जरा कुचकट हसली, ती उद्या हसू नये.

बाबांनी आज दोन घास खाल्ले. म्हणाले, तुझ्या हाताला चव आहे, मोठे, माझ्याच तोंडाला नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

काय करून बसले आज मी!

क्रम असा होता: वाचन, मग अर्पण, मग माझी साक्ष. अर्पणाची थैली फिरवायची पाळीही माझीच. एका दिवशी सगळे मान! वाचायला हालेलुयाबाई उभ्या राहिल्या आणि मी थैली घेऊन पहिल्या बाकापासून निघाले. वाचन संपता संपता थैली फिरते, आमच्याकडे तशीच पद्धत पडलीय. घड्याळवाल्यांनी वेळ वाचवायला पाडली.

वाचन ठाऊक असलेलंच. दान घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथे आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. लहानपणी पाठ केलेलं. शंभर वेळा ऐकलेलं. पण मी ते कायम उलटं ऐकत आले होते! मला वाटायचं — माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. मग काय, बसल्या जागी क्षमा करून टाकायची, खूण करायची, दान टाकायचं. पण तसं नाही लिहिलेलं. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर! आणि त्याच्यावर उपाय गुडघ्यावर बसून होत नाही. ‘जा’ लिहिलंय. जा म्हणजे पायांनी.

मी चौथ्या बाकाशी उभी होते. थैली पुढे धरलेली. एका पोक्त बाईने नोट टाकली, तरी मी हलेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं.

पलीकडे घड्याळवाले बसले होते. मी थैली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांना वाटलं मला भोवळ आली. दबक्या आवाजात म्हणाले, “अहो, साक्ष आहे तुमची.”

“नाही द्यायची,” मी म्हटलं आणि मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर. मागे हालेलुयाबाईंचा आवाज अडखळला. पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला नुसता पूर्णविराम मिळाला.

शाळेचं फाटक उघडं होतं. वऱ्हांडा लांबलचक, अर्धा पिवळा, अर्धा मळका. ओल्या रंगाचा वास. धाकटा शिडीवर, डोक्याला कागदाची टोपी, छताची कड ओढत होता. मला बघून थांबला नाही. कड मधे सोडता येत नाही, डाग पडतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी खाली उभी राहिले. बराच वेळ. रंगाचे दोन थेंब माझ्या चांगल्या चपलेवर पडले. बोलले नाही. (जिभेवर ताबा — ही खूण मात्र हक्काची.)

कड संपली तेव्हा म्हणाला, “उपासना सुटली?”

“मी सुटले.”

मग मी सांगितलं की घरी तू मेलायस. निरोप, शोकसभा, चक्र, बाबांची दाढी, चतकोर जेवण, सगळं एका दमात. त्याला ना हसू आलं ना धक्का बसला. नुसता ब्रश डब्याच्या काठावर पुसत राहिला. रंगाच्या वासात पंधरा दिवस झोपून माणूस बधिर होत असेल.

“मग आता बाबांना दाखवायला न्यायला आलीस,” तो म्हणाला. “पुरावा म्हणून.”

मी ‘हो’ म्हणू शकले असते. खोटं नव्हतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तो आलाही असता. बाबांसाठी तो कुठूनही आला असता. पण मग ते वाक्य तिथेच राहिलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “मी बोलले ते चूक होतं.”

“काय बोललीस?”

त्याला ठाऊक होतं! तरी विचारलं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून, वरून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही — आमच्या घराण्याचा पीळ! मी म्हटलं, “छपराचं बोलले ते. तू छपरासाठी राहत नव्हतास. बाबांसाठी होतास. ते मला दिसत होतं आणि दिसत होतं म्हणूनच मी बोलले. मला ते पाहवत नव्हतं. चुकले मी.”

एवढं बोलून मला रडू फुटलं. भर वऱ्हांड्यात, चांगल्या साडीत. तो खाली उतरला. हात रंगाने भरलेले, म्हणून कोपराने माझ्या खांद्याला ढोसलं. “ताई, रडू नकोस, भिंत ओली आहे, टेकशील.”

तासाभरात घरी. पुढे तो, मागे मी, मधे शिडी. बाबा खिडकीतून बघत होते. धाकटा खुर्चीसमोर बसला. बाबांनी दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं — कपाळ, कान, गाल. मग म्हणाले, “खरखरीत झालायस. आधी स्वतःची कर, मग माझी.”

दोघांच्या दाढ्या झाल्या. बाबा जेवले. दोनदा वाढून घेतलं.

सोमवार, २९ सप्टेंबर

हालेलुयाबाईंचा फोन. साक्ष राहिली त्याचं वाईट वाटलं म्हणाल्या, पण तक्ता तरी पूर्ण ठेवा. बघायला गेले तर फ्रिजवर तक्ता नाही. धाकट्याने काल रंगाचे ब्रश त्याच्यात गुंडाळले.

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. जड जातं हो!

गुरुवार, २ ऑक्टोबर

भांडी पुसता पुसता धाकट्याने आज सांगितलं. त्या सोमवारी पहिला माणूस चक्र घेऊन दारात आला, तेव्हाच बाबांनी त्याला फोन केला होता. म्हणाले, “लहान्या, तू मेलायस. मोठी स्वतःहून न्यायला येईपर्यंत मेलेलाच राहा. माझ्याशिवाय कुणाचा फोन उचलू नकोस.”

याने विचारलं, “आणि ती आलीच नाही तर, बाबा?”

“तर मग माझं रडणं खोटं ठरणार नाही.”